सील शाबूत

निरीक्षकांनी कॉम्प्युटरचं कॅबिनेट बदलायचं ठरवलं ते निव्वळ बायकोवरच्या प्रेमापोटी, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. पुढे जे घडलं त्यात ते प्रेम सापडायला जरा वेळ लागतो.

निरीक्षक म्हणजे वजनमापे निरीक्षक. दुकानादुकानांतून फिरायचं, तराजू तपासायचे, वजनं तपासायची, बरोबर असली तर त्यांवर शिशाचं सील ठोकायचं आणि चूक असली तर दुकानदाराकडे असं बघायचं की त्यानं स्वतःहूनच कबूल करून टाकावं. बावीस वर्षं हेच काम करून त्यांचं जगाविषयीचं मत अगदी सुटसुटीत झालं होतं. ज्या वस्तूचं सील शाबूत ती वस्तू सज्जन. ज्या वस्तूचं सील तुटलेलं तिच्याशी जपूनच वागावं. (घरात जॅमची नवी बाटली आली तरी ती उघडायचं काम त्यांच्या आईकडे असायचं. झाकण टक् करून निघालं की निरीक्षक क्षणभर डोळे मिटून घेत.)

त्यांची बायको अंधांच्या ग्रंथालयासाठी पुस्तकं वाचून द्यायची. ग्रंथालय पुस्तकाची पानं कॉम्प्युटरवर पाठवायचं, ती पडद्यावर मोठ्या अक्षरांत लावून ही वाचायची, आणि टेबलावर ठेवलेला हाताएवढा रेकॉर्डर ते सगळं टिपून घ्यायचा. मग ती ते कॉम्प्युटरवर उतरवून ‘आवाज धुवायची’. म्हणजे एक प्रोग्रॅम चालवायचा, आणि तो खोकला, खुर्चीची करकर, रस्त्यावरचे हॉर्न असं सगळं काढून टाकायचा. बाईंचा आवाज असा की रद्दीचा कागद वाचला तरी ऐकणाऱ्यानं पुढे काय झालं म्हणून विचारावं.

सध्या ती एका घड्याळजी घराण्याच्या तीन पिढ्यांची जाडजूड कादंबरी वाचत होती. सोळा प्रकरणं झाली होती, दोन राहिली होती. थोरला भाऊ अकराव्या प्रकरणात भांडून घर सोडून गेला होता, आणि तो परत येतो की नाही या चिंतेत ग्रंथालयाचे तीस-पस्तीस श्रोते दोन महिने जगत होते.

सोमवारी ग्रंथालयाच्या बाईंचा फोन आला.

“आवाज तुमचा गोडच आहे हो. पण मागे सतत कोणीतरी दळण दळतंय. तुमच्या त्या प्रोग्रॅमलाही ते निघत नाही. आमच्या लोकांचे कान फार तिखट असतात. परवा एकांनी विचारलं, ही कादंबरी घड्याळजीची आहे की गिरणीवाल्याची?”

“कॉम्प्युटरचा पंखा आहे तो. जुना झालाय.”

“शेवटची दोन प्रकरणं तरी स्वच्छ हवीत. शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत आली पाहिजेत, कारण रविवारी सकाळी दहाला सगळे एकत्र बसून शेवट ऐकणार आहेत. नाही जमलं तर मोकळेपणानं सांगा. आमच्याकडे दुसऱ्या एक वाचक आहेत, त्या वाचून देतील शेवट.”

बायकोनं फोन ठेवला. “सोळा प्रकरणं मी वाचायची,” ती म्हणाली, “आणि तो दारात येऊन उभा राहतो ते दुसऱ्याच बाईनं वाचायचं.” बोलली ती हसतच. पण त्या दिवशी जेवताना ती काही बोलली नाही, आणि निरीक्षकांना ते फार लागलं. चांगला माणूस होता तो. त्यांचे घोटाळे बहुतेक या चांगुलपणातूनच व्हायचे.

“मी आहे ना,” ते म्हणाले.

हे ऐकून त्यांच्या आईनं वर पाहिलं आणि बायकोनं खाली पाहिलं.

“अहो, एवढी दोन प्रकरणं जाऊ द्या,” बायको म्हणाली. “मग तुम्ही कॉम्प्युटर पूर्ण उसकटलात तरी मी काही बोलणार नाही.”

निरीक्षक हो म्हणाले. (नवरा-बायकोच्या भाषेत या ‘हो’चा अर्थ ‘ऐकलं’ एवढाच असतो.)

शुक्रवारी बायको दुपारी दंतवैद्याकडे गेली होती, आणि निरीक्षकांनी अर्ध्या दिवसाची रजा काढली. येताना त्यांनी ‘आवाज न करणारं’ म्हणून विकलं जाणारं नवं कॅबिनेट आणलं. काळंभोर, बारीक अंगाचं, आतून सगळीकडे स्पंज लावलेलं. ठोकून पाहिलं तरी गप्प बसायचं.

“काय रे आणलंस?” आईनं विचारलं.

“कॉम्प्युटरचं नवं घर.”

“आणि जुन्या घरातून सामान कोण हलवणार?”

“मीच.”

आई उठून आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं.

खरं सांगायचं तर सामान हलवण्याचं काम निरीक्षकांनी फार नीट केलं. प्रत्येक स्क्रू त्यांनी वेगळ्या पाकिटात घातला, पाकिटावर नंबर टाकला, नंबरांची यादी केली आणि यादीखाली सही केली. वायरींना चिठ्ठ्या बांधल्या. मदरबोर्ड त्यांनी झोपलेलं मूल उचलावं तसा उचलला. दोन तासांत सगळं नव्या कॅबिनेटमध्ये बसलं. फक्त झाकण बसेना.

प्रोसेसरच्या डोक्यावरचा जुना पंखा चांगला वीतभर उंच होता, आणि नवं कॅबिनेट पडलं बारीक अंगाचं. झाकण दोन बोटं वर राहिलं. निरीक्षकांनी ते हातानं दाबून पाहिलं, मग गुडघ्यानं दाबून पाहिलं. त्यावर बसून पाहायचा विचारही त्यांच्या मनात आला, पण तेवढ्यात आतून काहीतरी कुरकुरलं आणि ते भानावर आले. चप्पल घालून ते परत दुकानात गेले.

कॉम्प्युटरच्या दुकानात वजनकाटा नसतो. त्यामुळे तिथला दुकानदार निरीक्षकांना मुळीच घाबरत नसे, आणि निरीक्षकांनाही तिथे आपण जरा लहानच आहोत असं वाटे. दुकानदारानं एक बुटका पंखा काढून दिला. खाली तांब्याचा गुळगुळीत तळ, वर पंखा, सोबत पेस्टची छोटी नळी आणि एक घडीचं पत्रक.

“लावता येईल ना तुम्हाला?” दुकानदारानं विचारलं.

“बावीस वर्षं सरकारी नोकरी केलीय,” निरीक्षक म्हणाले. याचा प्रश्नाशी काय संबंध हे दोघांनाही कळलं नाही, पण विषय तिथेच संपला.

घरी येऊन त्यांनी खोका उघडला. पंखा उलटा करून पाहिला आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. तांब्याच्या तळावर एक पातळ, पारदर्शक वेष्टन चिकटवलेलं होतं. चारही कडांना घट्ट बसलेलं, कुठे सुरकुती नाही, कुठे बोट लागल्याची खूण नाही. एका कोपऱ्यावर मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत काही छापलेलंही होतं. कारखान्याचं सील! “वा,” निरीक्षक स्वतःशीच म्हणाले, “असं काम पाहिजे.” त्यांनी त्यावर पेस्ट लावली, पंखा प्रोसेसरवर बसवला आणि स्क्रू आवळले. पत्रकाला त्यांनी पंच केलं, आवक क्रमांक घातला आणि न वाचता फाइलला लावलं.

झाकण बसलं. बटण दाबलं. पडदा उजळला, आणि खोलीत शांतता पसरली.

बायको घरी आली तेव्हा तिचा अर्धा गाल बधीर होता. तिनं नवं कॅबिनेट पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि काहीतरी कडक बोलायला तोंड उघडलं. मग ती थांबली. कान देऊन ऐकलं.

“अहो, खरंच आवाज नाही हो.”

“नाहीच.”

“एवढंसुद्धा नाही!”

ती खाली वाकली, कॅबिनेटला कान लावला, आणि उठली तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. (बधीर गालामुळे ती नेमकी हसतेय की रडतेय हे ठरवणं अवघड होतं, पण निरीक्षकांनी आपल्या सोयीचा अर्थ घेतला.) गाल ठिकाणावर आल्यावर उरलेल्या संध्याकाळी तिनं दोन्ही प्रकरणं वाचून काढली. निरीक्षक बाहेर दाराशी बसून ऐकत होते. थोरला भाऊ दारात येऊन उभा राहिला तेव्हा तिचा आवाज इतका हळू झाला की त्यांनी श्वाससुद्धा जपून घेतला. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती, पण ही बाई आपल्याला मिळाली याचं नवल त्यांना अजून वाटायचं, आणि त्या संध्याकाळी तर ते पुन्हा नव्यानं वाटलं.

शनिवारी सकाळी बायको आवाज धुवायला बसली. प्रोग्रॅम सुरू झाला. पडद्यावरची पट्टी सरकू लागली. दहा टक्के, वीस टक्के. तिसाव्या टक्क्याला कॅबिनेटमधून कोणीतरी शीळ घातल्यासारखा आवाज आला. पन्नासला नुसता गोंगाट सुरू झाला. बासष्टला सगळं एकदम बंद पडलं. पडदा काळा झाला.

“हे काय?” बायको म्हणाली.

“वीज गेली असेल.”

डोक्यावरचा दिवा चालू होता. दोघांनीही त्याच्याकडे पाहिलं.

दुसऱ्यांदाही तो बासष्टलाच गेला. तिसऱ्यांदा एकोणसाठला. निरीक्षकांनी बायकोच्या धाकट्या भावाला फोन लावला. मेहुणा दुसऱ्या गावी होता आणि कॉम्प्युटरवरच पोट भरायचा.

“भाऊजी, तापतोय तो,” मेहुणा म्हणाला. “प्रोसेसर फार तापला की जीव वाचवायला स्वतःच बंद पडतो. मी एक प्रोग्रॅम पाठवतो, त्यात किती तापलाय ते दिसेल.”

प्रोग्रॅम आला. कोपऱ्यात आकडा दिसू लागला. आवाज धुवायला लावला की तो आकडा चढायचा.

“किती आहे?” आईनं आतून विचारलं.

“ब्याण्णव!”

“मग ताप कुठाय? उलट अंग गार पडलंय त्याचं. काहीतरी पांघरायला घाल.”

“आई, हे थर्मामीटर वेगळं असतं. शंभरला पाणी उकळतं, तो हिशेब.”

“अगोबाई! मग एवढ्या तापलेल्याला नवऱ्या मुलासारखा काळा डगला घालून कशाला बसवलास? काढ की तो अंगावरून.”

सल्ला अगदीच वाईट नव्हता. निरीक्षकांनी कॅबिनेटचं झाकण काढलं आणि टेबलफॅन आणून समोर लावला. आकडा ब्याण्णवचा नव्वद झाला, आणि टेबलावरचे निरीक्षकांच्या कचेरीचे चौदा कागद खिडकीबाहेर गेले. अकरा परत मिळाले.

“नव्या कॅबिनेटचे पंखे उलटे बसले असतील,” मेहुणा फोनवर म्हणाला. “एकानं हवा आत घ्यायची, एकानं बाहेर टाकायची. दोघंही आतच घेत असतील तर काय उपयोग?”

निरीक्षकांनी वर्तमानपत्राची पट्टी फाडून पंख्यासमोर धरली. मागच्या पंख्यासमोर ती बाहेर उडाली, पुढच्यासमोर आत ओढली गेली. म्हणजे पंखे बरोबरच होते. तरी खात्री असावी म्हणून त्यांनी ते दोन्ही काढून उलटे लावून पाहिले. आकडा पंच्याण्णव झाला. मग पुन्हा सुलटे लावले. या सगळ्यात दीड तास गेला.

बायको दर दहा मिनिटांनी येऊन उभी राहायची. एकदा ती रेकॉर्डर चालू करून टेबलाच्या कडेला ठेवून गेली. “झाकण उघडं ठेवूनच चालवायला लागला तर हे पंखे किती ऐकू येतात ते बघते,” ती म्हणाली. “म्हणजे पुढच्या पुस्तकाचं काय करायचं ते कळेल.” निरीक्षकांनी मान डोलावली. त्यांचं लक्ष नव्हतं. ते प्रोसेसरशी बोलत होते.

काम करताना वस्तूंशी बोलायची त्यांना सवय होती. दुकानातही ते वजनांशी बोलायचे. “काय रे बाबा,” ते म्हणत होते, “काय कमी केलं तुला? नवं घर दिलं, नवा पंखा दिला. शेजारी बघ, डिस्क बसलीय ना गुपचूप? तूच का असा डोक्यात राख घालून घेतोस?”

“अरे, कोणाशी बोलतोयस?” आईनं विचारलं.

“कोणाशी नाही.”

“मग हळू बोल. मला वाटलं, पाहुणे आले.”

दोन वाजता पुन्हा मेहुण्याचा फोन आला. “पेस्ट कमी लागली असेल, भाऊजी. पंखा काढा, पुसा, पुन्हा लावा.”

निरीक्षकांनी पंखा काढला, पुसला, पेस्ट सढळ हातानं लावली. आकडा त्र्याण्णव.

“आता जास्त लागली असेल. डाळीच्या दाण्याएवढीच लावायची.”

पुन्हा काढला, पुसला, डाळीचा एकच दाणा मोजून पेस्ट लावली. आकडा चौऱ्याण्णव.

“भाऊजी, एक विचारतो, रागावू नका. पंख्याचा खालचा तळ साफ आहे ना?”

“साफ?” निरीक्षकांचा आवाज चढला. “अरे, आरशासारखा आहे! मी पुसतोय तेसुद्धा इतकं हलक्या हातानं की कारखान्यातून निघाला तेव्हा जसा होता तसा आत्ता आहे. एक ओरखडा दाखव, नोकरी सोडून देईन!”

“मग तर प्रश्नच नाही,” मेहुणा विचारात पडून म्हणाला. “मग प्रोसेसरच गेला असावा.”

चार वाजले. निरीक्षक स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले. तिथे बायको हातात फोन घेऊन उभी होती. ग्रंथालयाचा नंबर काढलेला होता.

“काय करतेस?”

“सांगून टाकते बाईंना. अजून दोन तास आहेत. त्या दुसऱ्या बाई बसल्या तर शेवटचं प्रकरण तरी होईल त्यांच्याकडून.” ती शांतपणे बोलत होती. “तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही माझ्यासाठीच केलंत सगळं.”

तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर निरीक्षकांना बरं वाटलं असतं. त्यांना आपली लाज वाटली, अगदी कानापर्यंत. सोळा प्रकरणं तिनं एका पंख्याच्या घरघरीवर मात करून वाचली होती, आणि शेवट येऊन अडला होता तो नवऱ्याच्या कर्तबगारीवर.

“एक मिनिट,” ते म्हणाले. “एक पत्रक आहे.”

“कसलं पत्रक?”

“पंख्याबरोबर आलेलं.”

“काय लिहिलंय त्यात?”

“ते...” निरीक्षक घुटमळले. “ते फाइलला लावलंय.”

“वाचून?”

“आवक क्रमांक घालून.”

बायकोनं फोन खाली ठेवला. फाइल आली. पत्रकावरची अक्षरं इतकी बारीक होती की निरीक्षकांना चष्मा लावूनही रांगोळीचे ठिपके दिसले. बायकोनं ते खिडकीजवळ नेलं, घसा साफ केला, आणि सवयीनं, अगदी प्रकरण वाचावं तसं वाचायला लागली. दोन सूचनांच्या मध्ये जेवढं थांबायचं तेवढी थांबत, जिथे आवाज उतरवायचा तिथे उतरवत. आईसुद्धा बाहेर येऊन पाय वर घेऊन बसली.

“‘एक. काम सुरू करण्यापूर्वी वीजपुरवठा बंद करावा.’”

“केला होता,” निरीक्षक म्हणाले.

“‘दोन. जुनी पेस्ट मऊ कापडानं पुसून काढावी.’”

“काढली. दोनदा.”

“‘तीन.’” ती थांबली. ओळ मनात वाचली. मग तिचा आवाज हळू झाला, काल थोरला भाऊ दारात आला तेव्हा झाला होता तितकाच. “‘तीन. तांब्याच्या तळावर वाहतुकीच्या सोयीसाठी पारदर्शक फिल्म चिकटवलेली असते. ती न चुकता काढून टाकावी. फिल्म तशीच राहिल्यास उष्णता पंख्यापर्यंत पोचणार नाही.’”

निरीक्षकांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

“अहो,” बायकोनं विचारलं, “ती काढलीत ना?”

“ते सील आहे,” निरीक्षक म्हणाले.

“काय?”

“सील. शाबूत होतं. अजूनही शाबूत आहे. दोनदा पेस्ट पुसली, पण मी एक कोपरासुद्धा उचलू दिला नाही.” एवढं बोलून आपण नेमकं काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं, आणि ते खुर्चीत बसले.

“म्हणजे दिवसभर,” आई म्हणाली, “त्याला प्लॅस्टिकची टोपी घालून तू वारा घालत होतास?”

बायकोनं ओठ घट्ट दाबून धरले. खांदे हलायला लागले तशी ती खिडकीकडे वळली.

निरीक्षक उठले. पंखा काढला, उलटा केला. पेस्टच्या डागांखाली वेष्टन तसंच होतं, नव्यासारखं. त्यांनी नखानं कोपरा शोधला, आणि हात थांबला. बावीस वर्षांत त्यांनी हजारो सीलं लावली होती. तोडलेलं एकही नव्हतं. तोडायचं तर पंचनामा लागतो, दोन साक्षीदार लागतात, कारण लेखी नोंदवावं लागतं.

“तुम्ही दोघी बघताय ना?” त्यांनी विचारलं.

“बघतोय,” आई म्हणाली.

“म्हणजे पुढे काही प्रश्न आला तर...”

“अहो, साडेचार झाले! फाडा!”

निरीक्षकांनी डोळे मिटले आणि फाडलं. सर्रकन आवाज झाला. डोळे उघडले तेव्हा हातात एक चिकट, पारदर्शक तुकडा होता आणि खाली तांबं लखलखत होतं. ते त्यांनी बायकोसाठी केलं, दुसऱ्या कोणासाठी केलं नसतं, आणि तिलाही ते कळलं. तिनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. “आता पेस्ट लावा,” ती म्हणाली. “डाळीच्या दाण्याएवढी.”

आकडा पन्नासला गेला. बावन्नला गेला. तिथेच थांबला. बासष्ट टक्के आले आणि गेले. निरीक्षक टेबलाची कड धरून उभे होते. शंभर झाले तेव्हा आतल्या पंख्याचा आवाज येतोय का हे बघायला तिघांनीही कान दिले, आणि तिघांनाही घरातलं भिंतीवरचं घड्याळ तेवढं ऐकू आलं. सव्वापाच झाले होते. आणखी धुणं होतं. रेकॉर्डरमध्ये जे काही होतं ते बायकोनं झाडून सगळं उतरवलं, ओळीनं लावलं, धुतलं आणि सहाला सात मिनिटं कमी असताना ग्रंथालयाला पाठवून दिलं.

मग तिघांनी चहा घेतला. निरीक्षकांना वाटलं, असा चहा आपण कित्येक वर्षांत प्यालो नाही. मेहुण्याला त्यांनी फोन करून सांगितलं की किरकोळ दोष होता, काढला. नेमका कोणता ते सांगितलं नाही, आणि बायकोनंही ते सांगितलं नाही. हा तिचा मोठेपणा होता. आईनं मात्र रविवारी तीन नातेवाइकांना सांगितलं.

सोमवारी ग्रंथालयाच्या बाईंचा फोन आला. बायकोनं तो सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

“काय आवाज आलाय हो या वेळी! कोरा करकरीत! थोरला भाऊ आला तेव्हा आमचे दोघं-तिघं रडायलाच लागले. आता पुढची सगळी पुस्तकं तुमच्याकडेच.”

बायकोनं नवऱ्याकडे पाहिलं. निरीक्षकांनी मान किंचित खाली घातली, मोठी माणसं सत्काराच्या वेळी घालतात तशी.

“फक्त एक विचारायचं होतं,” बाई म्हणाल्या. “अठराव्यानंतरचा भाग. मी पुस्तक दोनदा उलटून पाहिलं, मला काही तो सापडला नाही.”

“अठराव्यानंतरचा?” बायको म्हणाली. मग तिचा हात हळूहळू तोंडावर गेला.

“तोच हो, ज्यात तो माणूस दिवसभर यंत्र दुरुस्त करतो. त्याच्याशी गप्पा मारतो, त्याला घरदार काढून बोलतो, ‘नोकरी सोडून देईन’ म्हणतो. आमच्या लोकांना वाटलं, घड्याळजींचा नातू असणार. काय हसलेत! आणि नंतर चर्चाही फार छान झाली. एक निवृत्त प्राध्यापक म्हणाले, घराण्यातली कला तिसऱ्या पिढीत कशी पार बुडाली ते लेखकानं एका अक्षरानं न सांगता दाखवलंय.”

निरीक्षकांची मान होती तशीच खाली राहिली. वर घ्यायला आता कारण उरलं नव्हतं.

“ते... आमचे हे होते,” बायको कशीबशी म्हणाली.

मग बाई म्हणाल्या, “खरे आहेत? जिवंत? अहो, मग त्यांना घेऊन या ना ग्रंथालयात! सगळ्यांना भेटायचंय. वाचायला वगैरे काही नको, नुसतं समोर बसून तासभर काहीतरी दुरुस्त करू देत. मी बिघडलेलं एखादं यंत्र मिळवून ठेवते.”

“बिघडलेलं कशाला शोधत बसता?” आई फोनजवळ सरकत म्हणाली. “चांगलं चालणारं काहीही द्या त्याच्या हातात.”